ती कोल्हेकुई खऱ्या प्राण्याची नाही

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) या इटालियन वेस्टर्न चित्रपटाच्या शीर्षकसंगीतातली कोल्हेकुई म्हणजे खऱ्या कायोटीचं (अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याचं) रेकॉर्डिंग, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. कान तसे फसतात खरे, कारण संगीतकाराला सुचलं ते कायोटीच्या ओरडण्यावरूनच. पण वाजतात ती वाद्यं आणि माणसांचे गळे. चित्रपटातल्या तीन मुख्य पात्रांपैकी ‘गुड’साठी बासरी, ‘बॅड’साठी ओकारिना हे मातीचं फुंकवाद्य, ‘अग्ली’साठी मानवी आवाज. तिघांना सुरावट एकच. पात्र बदललं की फक्त आवाजाचा पोत बदलतो, आणि या संगीताची खरी कमाल तिथेच आहे.

पडताळायला हार्मोनियम पुरे. पांढरी दोनला षड्ज धरा आणि मंद्र पंचम (खालची पांढरी सहा) ते षड्ज असं झरझर आलटून-पालटून वाजवा: प सा प सा प. धून लगेच ओळखू येईल. तुमच्याकडची ध्वनिमुद्रणाची प्रत किंचित वेगाने उतरवलेली असेल तर पट्टी जुळणार नाही, पण दोन सुरांतलं अंतर तेच राहतं. मग बासरीचा तुकडा अर्ध्या गतीने ऐका. प्राण्याची हाळी मींडेसारखी घसरत जाते. इथे प्रत्येक सूर सुटा, आपल्या जागी ठाम उभा असतो.