स्वतःचं प्रूफ स्वतः तपासण्यामागचा इतिहास

आज जो लिहितो तोच तपासतो आणि तोच प्रसिद्धही करतो. छपाईच्या इतिहासात ही कामं एका माणसाकडे येणं अगदी अलीकडचं आहे.

युरोपात खिळ्यांची छपाई रुजली तसा छापखान्यात तपासनीसही आला. १६०८ मध्ये लाइपझिगला हिरोनिमस हॉर्नशूख या तपासनिसाने मुद्रितशोधनावर स्वतंत्र पुस्तकच काढलं. लेखकही प्रूफं, म्हणजे तपासणीसाठी काढलेले कच्चे छाप, पाहत, पण एकटे नव्हे. डच विद्वान इरॅस्मस १५०८ मध्ये व्हेनिसला मुद्रक आल्डस मनुटियसच्या छापखान्यात बसून लिहीत होता. तिथेही चुका काढायला पगारी माणूस होता. इरॅस्मस शेवटचं प्रूफ बघे, ते मजकुरात काही बदलायचं असेल तर. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक तर प्रूफावरच कादंबरी नव्याने लिहायला घेई. लेखकाच्या हाती प्रूफ पडलं की तो शोधन सोडून लेखनाकडे वळतो, ही ओढ तेव्हापासूनची आहे.

नजरचूक महागही पडे. १६३१ मध्ये लंडनला छापलेल्या बायबलात व्यभिचाराविषयीच्या आज्ञेतला नकारच गळला आणि मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला.

पुढे छापखान्यांत जोडीने वाचायची पद्धत बसली. एकजण हस्तलिखित हातात धरून मोठ्याने वाची: शब्द, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. दुसऱ्याची नजर प्रूफावर. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते, कारण प्रूफ पाहणाऱ्याला पुढचं वाक्य पाठ नसे. लेखकाला ते पाठ असतं. १८९७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पिल्सबरी यांनी मुद्दाम चुकीची अक्षरं घातलेले शब्द क्षणभर दाखवून पाहिले, तर कित्येकांनी ते बरोबर असल्यासारखेच वाचले. अपेक्षित शब्द मन स्वतःच पुरा करतं. मजकूर आपलाच असला की अपेक्षा आणखी पक्की असते.

१९८५ च्या सुमारास डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे संगणकावरच छपाईची पानं तयार करणं, आलं आणि जुळणी लेखकाच्या टेबलावर आली. तपासनीस मात्र सोबत आला नाही. त्याच्या जागी आला स्पेलचेकर. तो शब्दकोशात नसलेला शब्द पकडतो; 'दीन'च्या जागी 'दिन' पडला तर गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

मजकूर एक रात्र बाजूला ठेवणं, फाँट बदलणं, कागदावर छापून बघणं, हे सगळे उपाय तो पाठ झालेला मजकूर परका करण्यासाठी आहेत. त्यांत मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो संगणकाकडून वाचून घेण्याचा. त्याला वाक्याचा रोख ठाऊक नसतो. गळलेला 'नाही' तो स्वतःहून भरत नाही आणि दोनदा पडलेला 'आणि' दोनदाच उच्चारतो. आपण तेवढ्यात ओळींवर बोट ठेवून बसायचं.