टॅकोमीटर आणि शिफ्ट लाइट : ट्रॅकच्या गाडीत ही जोडी कशी आली

रस्त्यावरची गाडी ट्रॅकसाठी तयार करताना डॅशबोर्डवर, चालकाच्या नजरेच्या टप्प्यात, एक मोठा टॅकोमीटर आणि त्याला लागून शिफ्ट लाइट, म्हणजे गिअर बदलण्याची वेळ सांगणारा एक प्रखर दिवा बसवला जातो. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा कंपनीच्या मीटरमध्ये बहुधा आधीच असतो, तरीही हा खर्च केला जातो. त्यामागे दोन प्रश्नांचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. फेऱ्यांची मोजणी कुठून उचलायची हा पहिला प्रश्न, आणि मोजलेला आकडा माणसाच्या वेळेवर ध्यानात कसा आणून द्यायचा हा दुसरा. पहिल्याची उत्तरे तंत्रज्ञानाप्रमाणे बदलत गेली. दुसऱ्याचा प्रवास मात्र एकाच दिशेने झाला, आणि माझ्या मते या कहाणीचा गाभा तोच आहे : चालकाला जे वाचावे लागत होते, ते कमी कमी होत गेले.

फेरे मोजण्याची गरज सर्वप्रथम कारखान्यांना भासली. इंग्लंडमधील अभियंता ब्रायन डाँकिन याला अशा उपकरणाबद्दल १८१० मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सचे सुवर्णपदक मिळाले. त्याच्या उपकरणात पाऱ्याने भरलेली वाटी गरगर फिरे आणि वेग वाढला की मधल्या भागातील पाऱ्याची पातळी खाली जाई. जर्मनीत डीट्रिश उल्हॉर्न याने १८१७ मध्ये केंद्रोत्सारी बलावर चालणारा वेगमापक यंत्रांसाठी वापरला, आणि १८४० नंतर असे मापक रेल्वे इंजिनांवरही दिसू लागले. गिरणीतल्या किंवा रेल्वेतल्या माणसाला यंत्राचा वेग एकसारखा राखायचा असे. त्यामुळे काटा सावकाश हलला तरी त्याचे काही अडत नसे.

मोटारीत हे उपकरण आले तेव्हा त्याचे दोन प्रकार रूढ झाले. ऑटो शुल्झे याने १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत इंजिनाकडून फिरत येणाऱ्या केबलच्या टोकाला चुंबक फिरतो, त्याच्याभोवतीच्या धातूच्या वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतो, वाटी चुंबकामागे ओढली जाते आणि एक बारीक स्प्रिंग तिला रोखून धरते. स्प्रिंग जितकी पिळली जाईल, तितका काटा पुढे सरकतो. ही रचना स्वस्त आणि टिकाऊ होती, पण काटा थरथरत असे. दुसरा प्रकार क्रोनोमेट्रिक म्हणून ओळखला जातो. त्यात घड्याळासारखी यंत्रणा ठरावीक वेळात किती फेरे झाले ते खरोखर मोजते, तेवढ्यावर काटा नेऊन ठेवते आणि पुढची मोजणी पूर्ण होईपर्यंत तो तिथेच धरून ठेवते. म्हणूनच स्मिथ्स किंवा येगर या कंपन्यांच्या अशा मीटरांचा काटा वाहत जात नाही. तो टप्प्याटप्प्याने, टक टक करत पुढे उडी मारतो. अचूकतेमुळे ब्रिटिश स्पोर्ट्स कार आणि मोटारसायकलींवर या मीटरांना दीर्घकाळ मान होता.

शर्यतीत फेऱ्यांच्या आकड्याला एवढे महत्त्व का, हे इंजिनाच्या आत पाहिल्यावर कळते. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांवर पडणारे जडत्वाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दहा टक्क्यांनी वाढले की हे बल एकवीस टक्क्यांनी वाढते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा एका मर्यादेनंतर व्हॉल्व्ह वेळेत बंद करू शकत नाहीत, आणि मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याची भीती असते. शक्ती तर मर्यादेच्या अगदी जवळच मिळते. त्यामुळे चालकाला त्या मर्यादेपर्यंत जायचे असते, पण ती ओलांडायची नसते. वेग किती आहे याच्याशी शर्यतीच्या चालकाला फारसे देणेघेणे नसते. त्याचा निकाल घड्याळ लावते. पोर्शेने ९११ च्या पाच डायलांमध्ये मधली, सर्वांत मोठी जागा टॅकोमीटरला दिली, हा याच विचाराचा परिणाम होता.

त्या काळच्या रेसिंग टॅकोमीटरांत आणखी एक बारीक काटा असे, त्याला टेलटेल म्हणत. मुख्य काटा या काट्याला पुढे ढकलत नेई आणि मागे फिरला की हा तिथेच उभा राही. सराव संपवून गाडी थांबली की मेकॅनिक कॉकपिटमध्ये वाकून आधी हा काटा पाहत असत. चालकाने घाईत चुकीचा खालचा गिअर टाकून इंजिन मर्यादेपलीकडे नेले असेल, तर त्याने सांगितले नाही तरी ते तिथे उमटलेले असे. याच काळात चालकांनी एक साधी युक्ती काढली, आणि ती मला फार मोलाची वाटते. मीटर त्याच्या जागेवर इतका फिरवून बसवायचा की गिअर बदलण्याचा आकडा डायलच्या अगदी माथ्यावर, बाराच्या ठिकाणी यावा. मग आकडा वाचावाच लागत नाही. काटा उभा झाला की गिअर बदलायचा. वाचनाची जागा कोनाने घेतली, आणि शिफ्ट लाइटचा विचार मुळात इथूनच सुरू होतो.

बाहेरून विकत घेऊन बसवायच्या टॅकोमीटरचा व्यापार मात्र खऱ्या अर्थाने अमेरिकेत वाढला. नॅशनल हॉट रॉड असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ रेषेच्या ड्रॅग शर्यतींना नियम आणि व्यासपीठ मिळाले. इथे भाग घेणाऱ्या गाड्या रोजच्या वापरातल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींच्या डॅशबोर्डवर टॅकोमीटर नव्हताच. गॅरेजसाठी इंजिन तपासणीची यंत्रे बनवणाऱ्या शिकागोच्या सन इलेक्ट्रिक या कंपनीचे मीटर तरुणांनी स्टिअरिंग कॉलमला पट्ट्याने आवळून बसवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या सन टॅकोमीटरला एक वेगळा ट्रान्समीटर डबा लागे. तो इंजिनाच्या कप्प्यात बसवायचा, इग्निशनकडून, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेकडून, येणारे विजेचे ठोके तो झेलायचा आणि आतल्या काट्याला चालवायचा. त्यात स्वतःची बॅटरी असे. केबल ओढण्याची, डिस्ट्रिब्युटरला गिअर जोडण्याची कटकट संपली. ज्याला दोन वायरी नीट जोडता येत होत्या, त्याला आता टॅकोमीटर बसवता येत होता.

मोटार कंपन्यांनीही हे पाहिले. फोर्डने मस्टँगसाठी रॅली पॅक नावाने टॅकोमीटर आणि घड्याळ यांची जोडी स्टिअरिंग कॉलमवर बसवून देण्याचा पर्याय ठेवला. पाँटियॅकने १९६७ च्या जीटीओमध्ये तर टॅकोमीटर काचेबाहेर, बॉनेटवर बसवला, म्हणजे रस्त्यावरची नजर न हलवता काटा दिसावा. पाऊस, इंजिनाची धग आणि बॉनेट आपटून बंद करण्याचे धक्के यांत तो मीटर फार काळ धड राहत नसे, पण नजर खाली वळवण्याची किंमत कंपनीने ओळखली होती, हे त्यातून स्पष्ट होते. इलिनॉयमधीलच ऑटो मीटर या कंपनीचे पाच इंची डायलचे टॅकोमीटर पुढे ड्रॅग गाड्यांची ओळखच बनले.

इग्निशनमधून मोजणी घेण्यामागचे गणित सरळ आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. म्हणून ठिणगीसाठी वीज पुरवणारी एकच कॉइल असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठोके, सहामध्ये तीन आणि आठमध्ये चार मिळतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर कॉइल सेकंदाला २०० वेळा ठोका देते. टॅकोमीटरच्या मागे ४, ६, ८ असे निवडण्याची खटकी याचसाठी असते. ती चुकीच्या जागी राहिली तर काटा तितक्याच ठाम चुकीने फिरतो, आणि आठवर ठेवलेला मीटर चार सिलिंडरच्या गाडीत निम्मेच फेरे दाखवतो. १९७० च्या दशकापासून एमएसडीसारखे कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशनचे, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर ठिणगी पाडणारे डबे रेसिंगमध्ये पसरले. त्यांच्या कॉइलवरचा विद्युतदाब इतका जास्त असतो की टॅकोमीटरची वायर तिथे जोडली तर मीटर जळू शकतो, म्हणून या डब्यांवर टॅकोमीटरसाठी स्वतंत्र जोडणी द्यावी लागली.

आता दिव्याकडे वळू. काटा पाहण्यासाठी नजर खाली न्यावी लागते, डोळ्याला जवळचे अंतर पकडावे लागते आणि मग परत रस्त्याकडे यावे लागते. हेल्मेट आणि शेजारच्या गाड्यांचा गोंगाट यांत स्वतःच्या इंजिनाचा आवाजही ओळखू येईलच असे नाही. दिवा मात्र नजरेच्या कडेलाही जाणवतो. सर्किट सोपे होते : ठरवलेले फेरे गाठताच बल्ब पेटवायचा. सुरुवातीच्या अनेक संचांत हा आकडा छोट्या अदलाबदल करता येणाऱ्या चिपांनी ठरवला जाई. ७००० ची चिप काढून ६८०० ची घातली की दिवा तेवढा आधी लागे.

दिवा आल्यावर एक गोष्ट लख्खपणे पुढे आली, ती म्हणजे माणसाला लागणारा वेळ. दिवा दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. समजा पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा दर सेकंदाला ३००० ने चढत आहे. मग पाव सेकंदात ते ७५० फेरे पुढे गेलेले असते. म्हणजे ७००० वर गिअर बदलायचा असेल तर दिवा ६२५० ला लागला पाहिजे. चौथ्या गिअरमध्ये तेच इंजिन सेकंदाला ६०० च चढत असेल, तर दिवा ६८५० ला पुरतो. एकाच आकड्यावर लागणारा दिवा म्हणूनच एखाद्या गिअरमध्ये उशिरा आणि दुसऱ्यात लवकर लागतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक गिअरसाठी वेगळा आकडा साठवणारे नियंत्रक आले आणि एका बल्बऐवजी एकामागून एक पेटत जाणाऱ्या एलईडींची रांग आली. येणारा क्षण ती आधीच सांगू लागते. ठरावीक फेऱ्यांपलीकडे इंजिनाला रोखणारा रेव्ह लिमिटर असल्यावर दिवा कशाला, असे विचारले जाते. लिमिटर ठिणगी किंवा इंधन तोडतो आणि तेवढा वेळ गाडी शक्ती गमावते. शिवाय चुकून खालचा गिअर पडला तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि लिमिटर काहीच करू शकत नाही.

फॉर्म्युला वनमध्ये फेरारीने १९८९ मध्ये स्टिअरिंगमागच्या पाकळ्यांनी गिअर बदलण्याची पद्धत आणली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमध्ये तिच्या पहिल्याच शर्यतीत विजय मिळवला. हात स्टिअरिंगवरून हलायचा थांबल्यावर दिव्यांची जागाही स्टिअरिंगवरच आली. २००६ पर्यंत तिथली इंजिने मिनिटाला २०,००० फेऱ्यांपर्यंत गेली. पुढे २००७ मध्ये १९,००० आणि २००९ मध्ये १८,००० ची मर्यादा घातली गेली. रस्त्यावरच्या गाड्यांतही हे लोण पोहोचले. लेक्ससच्या एलएफएचे व्ही१० इंजिन निष्क्रिय अवस्थेपासून ९००० पर्यंत ०.६ सेकंदात पोहोचते आणि त्या गतीला खरा काटा पुरा पडणार नाही, म्हणून कंपनीने पडद्यावर चितारलेला काटा दिला.

आपल्याकडे प्रश्न बराच काळ अमेरिकेच्या सुरुवातीसारखाच होता. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या आणि पुढे सुरुवातीच्या मारुती ८०० च्या डॅशबोर्डवर टॅकोमीटर नव्हता. मद्रासजवळच्या शोळावरमच्या धावपट्टीवर फियाटच्या सुधारलेल्या गाड्या पळत होत्या, आणि असे मीटर बाहेरून जोडल्याशिवाय फेऱ्यांचा अंदाज कानानेच घ्यावा लागे. अलीकडच्या काळात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. अशा शर्यतींना येणाऱ्या नव्या गाड्यांत मीटर आधीपासून असतो. अडचण सिग्नलची असते.

कारण कॉइल आता प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र बसते आणि एका कॉइलकडून दोन फेऱ्यांत एकच ठोका मिळतो, त्यामुळे चार सिलिंडरचे ठोके अपेक्षित धरणारा मीटर खरा आकडा दाखवू शकत नाही. गाडीतील दोष तपासण्यासाठी दिलेल्या ओबीडी सॉकेटमधून आकडा घेता येतो, पण तिथे प्रत्येक वेळी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहावी लागते आणि ते उत्तर शिफ्ट लाइटसाठी उशिराचे ठरू शकते. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन जाळ्यावर, म्हणजे गाडीतील नियंत्रकांना जोडणाऱ्या वायरींवर, इसीयू हा इंजिनाचा नियंत्रक संगणक हा आकडा स्वतःहून सतत पाठवत असतो. तो थेट वाचणारे डिजिटल मीटर त्यामुळे अधिक विश्वासार्ह ठरतात, मात्र त्यांना त्या गाडीची संदेशरचना माहीत असावी लागते. जिथे ती मिळत नाही, तिथे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकचे, फेरे टिपणाऱ्या सेन्सरवरून किंवा इसीयूच्या टॅको वायरवरून सिग्नल घेतला जातो.

दिवा नेमका कितीवर ठेवायचा, याचे उत्तर रेडलाइनवर, म्हणजे मीटरवर लाल रंगाने दाखवलेल्या कमाल मर्यादेवर, छापलेले नसते. डायनो या इंजिनाचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर काढलेला टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आलेख आणि गिअरची गुणोत्तरे समोर ठेवून, चालू गिअरमध्ये चाकांना मिळणारा टॉर्क पुढच्या गिअरमध्ये मिळणाऱ्या टॉर्कपेक्षा कमी होतो तो बिंदू शोधावा लागतो. शेवटपर्यंत दम टिकवणाऱ्या इंजिनात तो बिंदू रेडलाइनपलीकडे जातो, म्हणून दिवा रेडलाइनच्या जवळ ठेवतात. लहान टर्बोच्या इंजिनात वरच्या फेऱ्यांना टॉर्क झपाट्याने उतरतो, तेव्हा तोच दिवा रेडलाइनच्या कित्येक शे फेरे आधी लावणे फायद्याचे असते.