बुटाचा कडकपणा आणि पायातला रहाट

कोलोरॅडोत राहणाऱ्या माझ्या एका मित्राने शिकारीसाठी दुकानातले सर्वांत कडक सोलचे बूट घेतले. खडकावर जे टिकते ते माळावर टिकणारच, असा त्याचा तर्क होता. राज्याच्या पूर्वेकडील चढउतारांच्या गवताळ माळरानावर प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या मागावर दोन दिवस चालल्यावर त्याच्या दोन्ही टाचांना फोड आले. बूट सदोष नव्हते. ते त्याच राज्याच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या कड्यांवर बिगहॉर्न या रानटी मेंढ्यांच्या मागे जाण्यासाठी घडवलेले होते.

बुटाच्या सोलमध्ये ‘शँक’ नावाची पोलाद, नायलॉन किंवा कार्बन फायबरची पट्टी असते, आणि बूट किती वाकेल हे मुख्यतः तीच ठरवते. एकाच पदार्थाच्या पट्टीची जाडी दुप्पट केली तर तिचा वाकण्याला होणारा विरोध दुप्पट नव्हे, आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे दिसायला सारखे असलेले दोन बूट पायात अगदी वेगळे वागतात.

खडकाच्या अरुंद कंगोऱ्यावर बुटाचे फक्त टोक टेकलेले असते. सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा असेल आणि टेकू चवड्याच्या सांध्याच्या ५ सेंमी पुढे असेल, तर त्या सांध्याला सुमारे ३५ न्यूटन-मीटर इतके आघूर्ण, म्हणजे वाकवू पाहणारा जोर, पेलावे लागते. एक मीटर लांबीच्या काठीच्या टोकाला साडेतीन किलो वजन टांगून ती दुसऱ्या टोकाशी आडवी धरावी, तसा हा भार आहे. बोटांचे स्नायू तो फार वेळ सोसू शकत नाहीत. कडक सोल तो स्वतःवर घेतो. पोटरीला मात्र आपले काम करावेच लागते.

माळावर याच्या उलट घडते, आणि त्याचे कारण पावलाच्या रचनेत आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली प्लांटर फॅशिया नावाचा चिवट पट्टा ताणलेला असतो. टाच उचलताना बोटे वर वळली की हा पट्टा चवड्याच्या हाडांच्या गोल टोकांभोवती गुंडाळला जातो. रहाटावर दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तशी येथे टाच चवड्याकडे ओढली जाते, पायाची कमान उंचावते, आणि एरवी लवचीक असलेले पाऊल क्षणभर ताठ तरफ बनून शरीराला पुढे ढकलते. ब्रिटिश शल्यचिकित्सक जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये या यंत्रणेचे वर्णन केले. मानवी शरीरातील इतकी साधी आणि इतकी सुंदर रचना मला दुसरी आठवत नाही. सोल वाकला नाही तर बोटे वळत नाहीत, रहाट पुरता फिरत नाही, आणि वर येऊ पाहणारी टाच ताठ बुटाच्या आत सरकते. पंधरा किलोमीटरच्या चालीत प्रत्येक पाऊल सुमारे दहा हजार वेळा उचलले जाते. घामाने ओल्या त्वचेच्या थरांवर तितक्याच वेळा कातरबल, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणारा जोर, पडते आणि फोड येतो. कडक बुटांचा पुढचा भाग वर वळवलेला असतो, पण त्याने ही उणीव अंशतःच भरून निघते.

उंच बूट घोटा मुरगळू देत नाही, ही जाहिरातीतील खात्रीही तपासून घ्यावी. अमेरिकेत १९९३ मध्ये बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या चाचणीत उंच आणि बुटक्या बुटांत घोट्याच्या दुखापतींचा ठळक फरक आढळला नाही. खडकाळ भूमीत उंच बुटाने नडगी खरचटण्यापासून वाचते, हा लाभ खरा आहे. वजनाचा हिशेब मात्र निर्विवाद आहे: पायातले एक किलो पाठीवरच्या अनेक किलोंइतके दमवते.

बव्हेरियातील माइंडल कंपनीने रूढ केलेल्या ‘ए’ ते ‘डी’ या श्रेणींत ‘ए’ सर्वांत लवचीक आणि ‘डी’ हिमभिंतींसाठी जवळजवळ न वाकणारा असतो. माळासाठी ‘ए-बी’ किंवा ‘बी’, कड्यांसाठी ‘बी-सी’ किंवा ‘सी’ घ्यावा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, पण हेच बूट परदेशातून मागवून सह्याद्रीत वापरणारे गिर्यारोहक आहेत. आपल्या बहुतेक किल्ल्यांवर कातळटप्पा काही मिनिटांचा आणि पायवाट काही तासांची असते. तेथे मी ‘बी’च्या पुढे जाणार नाही. मित्राने कडक जोड मेंढ्यांच्या हंगामासाठी राखून ठेवला आहे आणि माळासाठी हाताने वाकवून पाहून दुसरा घेतला आहे.