जुनी रॅली जिप्सी घेताय? आरटीओचं गणित आधी मांडा

सोलापुरात जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) विकायला निघाली की जाहिरातीत 'व्हिंटेज' हा शब्द हमखास असतो. भाव त्याच शब्दावर चढतो, म्हणून आधी तोच निकाली काढू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि चेसी (गाडीचा सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकीच व्हिंटेज ठरते. मारुती जिप्सी आली १९८५ला. म्हणजे अगदी पहिली जिप्सीसुद्धा २०३५ आधी यात बसत नाही. रॅलीत चारही चाकांना ताकद देण्याचा जमाना आणणारी ऑडी क्वाट्रो १९८०ची, तिलाही २०३० उजाडावं लागेल. आजोबांची विलीज जीप गोठ्याशेजारी उभी असेल तर गोष्ट वेगळी.

तशी गाडी असेल तर परिवहन पोर्टलवर फॉर्म २०, विमा, जुनं आरसी आणि परदेशातून आणलेली असल्यास बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) जोडायचं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण ही गाडी फक्त प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. दर पौर्णिमेला तुळजापूर गाठायचं असेल तर या वाटेला जाऊच नका.

बाकी सगळ्यांना साधं नाव-हस्तांतरण. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५. एमएच-१३, म्हणजे सोलापूर, सोडून दुसऱ्या कार्यालयाची गाडी असेल तर तिथली एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८. विजापूर, कलबुर्गी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे केए, म्हणजे कर्नाटक पासिंगच्या स्वस्त जिप्स्या इकडे बऱ्याच दिसतात. त्यांना इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. तो धरून मग 'स्वस्त' म्हणा.

आरसीवर मुदत कधी संपते ते बघा. पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी निरीक्षकाला दाखवून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या देशी मोटारीला याची फी १०,००० रुपये आहे. मुदत संपलेली असेल तर नूतनीकरण विकणाऱ्याकडूनच करून घ्या, किंवा तेवढे किमतीतून कापा. जुन्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटीही हवीच.

आता खरी मेख. रॅलीत पळालेली गाडी म्हणजे काहीतरी बदललेलं असणारच: आत रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा), मागची सीट काढलेली, कधी इंजिनच दुसरं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. विकणारा 'मैदानात असंच लागतं' म्हणेल. निरीक्षकाला मैदानाशी देणंघेणं नसतं, तो आरसीवरची आसनसंख्या आणि इंजिन नंबर बघतो.

म्हणून सौदा बोलण्याआधी रॉकेलचा बोळा, पांढरा कागद आणि पेन्सिल घेऊन जा. चेसी नंबरवरचं ग्रीस पुसा, कागद दाबून धरा आणि पेन्सिल आडवी घासा. अक्षरं सरळ, एकसारख्या खोलीची उमटली पाहिजेत. एखादा आकडा तिरका किंवा भोवती ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर चहा पिऊन निघा. इंजिन कितीही गोड वाजू दे. हाच पेन्सिल प्रिंट पुढे अर्जालाही लागतो, सगळं जुळलं तर फेरी वाया जात नाही.

पैसे देण्याआधी गाडी नंबरवर ई-चलन थकलंय का ते तपासा. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा कंपनीलाही घेणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं. 'सह्या करून ठेवतो, नाव सावकाश चढवा' हे विकणाऱ्याने कधी बोलू नये: आरसीवर नाव आहे तोवर अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात येऊ शकते.