कॉर्व्हेटचा श्वास

283 घन इंचांचे इंजिन आणि 283 अश्वशक्ती. 1957 च्या शेव्हरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीची हीच ओळख कंपनीने जाहिरातींतून मिरवली. दर घन इंचाला एक अश्वशक्ती हा टप्पा आदल्या वर्षी क्रायस्लरने गाठला होता, पण आकाराने बऱ्याच मोठ्या इंजिनातून. कॉर्व्हेटचे इंजिन लिटरमध्ये मोजले तर 4.6 भरते. आज एक लिटरचे, हवा दाबून आत भरणारे टर्बो इंजिनही 100 अश्वशक्ती देते, म्हणून हे आकडे किरकोळ वाटतील. पण तेव्हा मोटारींत टर्बो नव्हता, संगणक नव्हता. मिळालेली प्रत्येक अश्वशक्ती लोखंडाच्या घडणीतून आणि हवेच्या वाटेतून काढावी लागली होती.

चारच वर्षांपूर्वी हीच गाडी दिसायला देखणी आणि चालायला मवाळ होती. 1953 च्या पहिल्या 300 कॉर्व्हेटमध्ये सहा सिलिंडरचे 150 अश्वशक्तीचे इंजिन आणि दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. 1955 साली शेव्हरोलेचे मुख्य अभियंते एड कोल यांच्या चमूने तयार केलेले आठ सिलिंडरचे नवे व्ही-8 इंजिन तिला मिळाले आणि गाडीचे नशीब पालटले.

इंजिनाची ताकद पेट्रोलवर ठरते असे आपण धरून चालतो. खरी अडचण हवेची असते. पेट्रोल हवे तितके ओतता येते, पण एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते, आणि ती झडपेच्या चिंचोळ्या फटीतून आत यायची असते. त्यामुळे ताकद वाढवण्याचे मार्ग दोनच उरतात: प्रत्येक श्वास मोठा करायचा, नाहीतर मिनिटाला जास्त श्वास घ्यायचे.

या व्ही-8 ची घडण दुसऱ्या मार्गासाठी झाली होती. त्याचा सिलिंडर रुंद, 98 मिलिमीटर व्यासाचा. पिस्टनची धाव मात्र आखूड, 76 मिलिमीटर. धाव आखूड असली की फेरे वाढले तरी पिस्टनचा वेग आवाक्यात राहतो. मिनिटाला 6200 फेऱ्यांवर तो सरासरी सेकंदाला 16 मीटरपेक्षा किंचित कमी भरतो. रुंद सिलिंडरमुळे झडपाही मोठ्या बसवता आल्या. त्या उघडणाऱ्या रॉकर आर्म जड ओतीव लोखंडाऐवजी पत्र्यातून ठोकून काढलेल्या होत्या. हे किरकोळ वाटेल, पण 6200 फेऱ्यांवर प्रत्येक झडप सेकंदाला पन्नासहून जास्त वेळा उघडते आणि मिटते. हलणारे भाग जड असतील तर स्प्रिंग त्यांना वेळेत परत आणू शकत नाही. झडप अधांतरी राहते आणि इंजिन गुदमरते.

झडप कधी आणि किती वेळ उघडायची हे कॅमशाफ्ट ठरवतो. इथे झोरा आर्कुस-डन्टॉव्ह या अभियंत्याचे नाव घ्यायलाच हवे. ब्रुसेल्समध्ये जन्मलेला हा माणूस 1953 मध्ये जनरल मोटर्समध्ये रुजू झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने वरिष्ठांना एक टिपण पाठवले: वेगवेड्या तरुणांना शेव्हरोलेकडे वळवायचे असेल, तर त्यांच्यासाठी ताकदीचे, पारखलेले सुटे भाग कंपनीनेच बनवावेत. पुढे त्याने आखलेल्या कॅमशाफ्टमध्ये झडपा जास्त वेळ उघड्या राहत. सावकाश चालताना त्यामुळे इंजिन थोडे खडखडे, पण वरच्या फेऱ्यांवर त्याला मोकळा श्वास मिळे.

याचा हिशेब सुंदर आहे. या इंजिनाची पिळण्याची शक्ती, म्हणजे टॉर्क, 4400 फेऱ्यांवर सर्वांत जास्त होती: सुमारे 393 न्यूटन मीटर. तिथे अश्वशक्ती भरते 243. 6200 फेऱ्यांवर टॉर्क 325 पर्यंत उतरलेला असतो, तरी अश्वशक्ती 283 होते. कारण अश्वशक्ती टॉर्क आणि फेरे यांच्या गुणाकारावर ठरते. टॉर्क घटण्यापेक्षा फेरे वेगाने वाढत असतील, तोवर ताकद चढतच राहते.

उरलेले काम ‘रॅमजेट’ या इंधन फवारणीच्या यंत्रणेने केले. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल हवेत आधीच मिसळते, मग ते मिश्रण लांबवरच्या सिलिंडरपर्यंत पोचते. वाटेत पेट्रोलचे थेंब साचू नयेत म्हणून ती नळी गरम ठेवावी लागते, आणि गरम हवा विरळ असते. रॅमजेटमध्ये आत येणाऱ्या हवेच्या ओघाने जो दाब घटतो त्यावरून पेट्रोलचे माप ठरे, आणि आठही सिलिंडरच्या तोंडाशी स्वतंत्र फवारा उडे. नळ्यांतून नुसती हवा जात असल्याने त्या तापवायची गरज उरली नाही. जोराच्या वळणावर कार्बोरेटरमधले पेट्रोल एका बाजूला कलून इंजिन अडखळे, तो त्रासही बराच कमी झाला. हे सगळे निव्वळ पडदे, तरफा आणि झडपांनी साधले होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

जोडीला सिलिंडरमधले मिश्रण पेटण्याआधी दाबून 10.5 पट लहान जागेत आणले जाई. हे झेपण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे. त्या विषाची किंमत पुढे साऱ्या जगाने मोजली.

283 हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी अमेरिकेत इंजिन मोजताना ते गाडीबाहेर, सायलेन्सरशिवाय आणि बरेचसे जोडभाग काढून चालवत. 1972 पासून सगळा संसार जोडून मोजणी सुरू झाली, तेव्हा कॉर्व्हेटच्या साध्या इंजिनाचा आकडा 270 वरून 200 वर आला. इंजिन जवळपास तेच होते. म्हणून 1957 च्या गाडीसाठी मी घड्याळावर जास्त विश्वास ठेवतो: त्या वर्षीच्या चाचण्यांत ती सायलेन्सर, पंखा आणि चालकासह ताशी 60 मैलांचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठत होती.