होल्टर लावून घेणाऱ्यांसाठी माहिती

साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांचा. धडधड रात्री अडीचला होते आणि दवाखाना गाठेपर्यंत थांबते, म्हणून ईसीजी 'नॉर्मल' येतो. होल्टर हे छातीला पट्ट्या चिकटवून अंगावर बाळगायचे छोटे यंत्र 24 किंवा 48 तास हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद घेते. एका दिवसात साधारण एक लाख ठोके.

येण्याआधी आंघोळ उरकून घ्या, यंत्र निघेपर्यंत पुन्हा करता येणार नाही. छातीला तेल, पावडर, क्रीम काही नको. पुढून बटणांचा सैल कपडा घाला. पट्ट्यांपुरते केस काढून, त्वचा स्पिरिटने पुसून, वाळवून आम्ही ती किंचित घासतो. हे काहींना नकोसे वाटते, पण मृत त्वचेचा थर राहिला तर नोंद खराब येते.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो घाम. पट्टी सैल झाली की नोंदीतली रेषा सपाट होते आणि ठोका चुकल्याचा भास होतो. पट्टी निघालीच तर जागा कोरडी पुसून, सोबत दिलेली नवी पट्टी तिथेच लावा, त्याच रंगाची वायर जोडा आणि वेळ लिहून ठेवा.

दिवसभरात काय केले, काय त्रास झाला याची वही भरायचा कंटाळा करू नका. दात घासताना हात हलल्याने उमटलेली रेषा कधी कधी धोकादायक जलद ठोक्यांसारखी दिसते. वहीत '7:10, दात घासले' एवढे असले तरी उलगडा होतो. धडधड, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली की यंत्रावरचे बटण दाबा. वेळ आणि तेव्हा काय करत होतात ते लिहा. गोळ्यांच्या वेळाही लिहा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

यंत्र लावले म्हणून दिवसभर पडून राहणारे बरेच असतात. मग त्रास होत नाही आणि नोंदीत काही सापडत नाही. जिने चढा, कामावर जा, नेहमीचा चहा घ्या. मोबाइल मात्र शर्टाच्या खिशात नको.

बटण दाबल्याने आम्हाला काहीही कळत नाही. यंत्र फक्त नोंद करते. छातीत दुखले, शुद्ध हरपली तर अहवालाची वाट न पाहता 108 ला फोन करा.

त्रास महिन्यातून एखाद्या वेळीच होत असेल तर आधीच सांगा. अशा वेळी 24 तासांचे होल्टर बहुधा कोरडेच जाते. 7 ते 14 दिवस नोंद घेणारी चिकट पट्टी चालेल का, हे डॉक्टरांना विचारूनच पैसे भरा.