अंग गार लागलं म्हणजे रुग्ण गेला, असं नाही

‘आयसीयूत रुग्णाचं अंग गार लागलं तर तो गेलेलाच असतो, व्हेंटिलेटरवर ठेवून नुसतं बिल वाढवतात’ हा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. दाराबाहेर ताटकळलेल्या घरच्यांना तो पटणं साहजिक आहे.

बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू झालं तरी मेंदूचा धोका टळलेला नसतो. म्हणून बेशुद्ध रुग्णाला गार पाणी खेळवलेल्या पॅडने मुद्दाम थंड करण्याची पद्धत २००२च्या अभ्यासांनंतर रूढ झाली: साधारण ३३ अंश सेल्सिअस, दिवसभर, मग अगदी सावकाश ऊब. कुडकुडू नये म्हणून गुंगीची औषधं देतात, त्यामुळे रुग्ण हाकेला ओ देत नाही. २०२१च्या मोठ्या अभ्यासात मात्र, नुसता ताप येऊ न देण्यापेक्षा थंड करण्याचा जास्त फायदा दिसला नाही. आता अनेक ठिकाणी भर ताप रोखण्यावर आहे.

व्हेंटिलेटर श्वास देतो, हृदय चालवत नाही. मॉनिटरवर रक्तदाबाची लाट उमटतेय का, ते नर्सकडून दाखवून घ्या. तापमान किती ठेवलंय आणि का, हे डॉक्टरांना विचारा, तापमानाचा चार्टही मागा. हृदय चालू असताना मेंदू मृत झालेला असू शकतो, हे खरं; पण ती तपासणी करण्याआधी शरीर पुन्हा उबदार करावंच लागतं, कारण गारव्यात तिचे निष्कर्ष फसवे ठरतात.